जर्मनीत वास्तव्यास जाताना विम्याची तजवीज

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरे. पुण्या-नाशिकच्या अभियंत्यांना हा रस्ता परिचयाचाच आहे. आता त्यांच्याबरोबर परिचारिका, तंत्रज्ञ आणि विद्यार्थीही मोठ्या संख्येने निघाले आहेत. घर, भाषा, थंडीचे कपडे यांची चौकशी प्रत्येक जण करतो. विम्याचा विचार मात्र बहुधा 'तिकडे गेल्यावर पाहू' या सदरात ढकलला जातो, आणि जर्मनीपुरते बोलायचे तर तेच महागात पडते.

आपल्याकडे आरोग्य विमा ही ऐच्छिक बाब आहे. जर्मनीत तसे नाही. कामगारांसाठी सक्तीच्या आरोग्य विम्याचा कायदा तेथे बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये झाला. त्यापाठोपाठ १८८४ मध्ये अपघात विमा आणि १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्व विमा आला. २००९ पासून जर्मनीत वास्तव्य करणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा असणे बंधनकारक आहे. विमा उशिरा घेतला म्हणून मधले महिने फुकट जात नाहीत. बंधन ज्या दिवसापासून लागू झाले, त्या दिवसापासूनचे हप्ते मागाहून वसूल केले जातात.

पहिला प्रश्न प्रवासापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतच्या काळाचा. सार्वजनिक विमा नोकरी सुरू झाल्यावर लागू होतो, विमानातून उतरल्यावर नव्हे. व्हिसासाठी या मधल्या दिवसांचे विमाकवच दाखवावे लागते. त्यासाठी मिळणाऱ्या प्रवासी किंवा 'इनकमिंग' पॉलिसी स्वस्त असतात, कारण त्यांत पूर्वीचे आजार, गरोदरपण, नियमित औषधोपचार यांपैकी बरेच काही वगळलेले असते. काही आठवड्यांसाठी त्या ठीक आहेत. परंतु त्यांच्याच भरवशावर वर्ष काढण्याचा विचार करू नये; निवास परवान्याच्या वेळी परदेशी नागरिक कार्यालय अशी पॉलिसी सहसा पुरेशी मानत नाही. जून २०२४ पासून सुरू झालेल्या 'संधीपत्रा'वर, म्हणजे 'चान्सेनकार्टे'वर, नोकरी शोधण्यासाठी जाणाऱ्यांना मात्र दुसरा पर्याय नसतो. त्यांना सार्वजनिक योजनेत प्रवेश नसल्याने खासगी पॉलिसीच घ्यावी लागते. अशांनी किमान तिची वगळलेल्या गोष्टींची यादी मुंबईतच शांतपणे वाचावी.

सार्वजनिक की खासगी?

जर्मनीतील विम्याचा खरा निर्णय हा आहे, आणि तो नवख्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत, भाषा येत नसताना घ्यावा लागतो. त्याचे परिणाम मात्र तीस-चाळीस वर्षे भोगावे लागतात. म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

सार्वजनिक विमा 'क्रांकेनकासे' नावाचे निधी चालवतात. असे निधी नव्वदच्या आसपास आहेत. टेक्निकर, बारमर, आओके, डीएके ही त्यांतील मोठी नावे. निधी निवडण्याचा अधिकार कर्मचाऱ्याचा असतो. त्याने वेळेत निवड कळवली नाही, तर मालक स्वतः एखाद्या निधीत त्याची नोंद करतो. एकदा निवडलेल्या निधीत सर्वसाधारणपणे १२ महिने राहावे लागते. यातील बहुतांश लाभ कायद्यानेच ठरलेले असल्यामुळे कोणताही निधी निवडला तरी फार मोठी चूक होत नाही. फरक असतो तो अतिरिक्त वर्गणीचा दर आणि इंग्रजीतून मिळणारी मदत यांत.

वर्गणी वयावर किंवा आजारांवर नव्हे, तर पगारावर ठरते. मूळ दर १४.६ टक्के. त्यावर प्रत्येक निधीची अतिरिक्त वर्गणी असते. २०२६ साठी तिचा सरासरी दर २.९ टक्के ठरवण्यात आला. या दोन्हींचा अर्धा भार मालक उचलतो. त्याशिवाय दीर्घकालीन शुश्रूषा विमा आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या विम्याचा दर ३.६ टक्के असून तेवीस वर्षांवरील निरपत्य व्यक्तीला स्वतःच्या खिशातून आणखी ०.६ टक्के द्यावे लागतात. महिना ५,००० युरो पगार आणि एक अपत्य असलेल्या कर्मचाऱ्याचा हिशेब सरासरी दराने करू. मूळ वर्गणीचा वाटा ३६५ युरो, अतिरिक्त वर्गणीचा ७२.५०, शुश्रूषा विम्याचा ९०. म्हणजे सुमारे ५२८ युरो. निरपत्य असल्यास सुमारे ५५८. सॅक्सनी राज्यात शुश्रूषा विम्याची वाटणी थोडी वेगळी आहे. ही कपात पगारातूनच होते. २०२६ मध्ये वार्षिक ६९,७५० युरोंपलीकडच्या पगारावर वर्गणी आकारली जात नाही.

पुण्यात बसून वेतनाचे पत्र वाचणाऱ्याला हा आकडा भयंकर वाटतो. पण या रकमेत संपूर्ण कुटुंब येते. पती किंवा पत्नी कमावती नसेल आणि मुले लहान असतील, तर ती सर्व त्याच वर्गणीत, एकही युरो जादा न भरता विमाधारक होतात. कमाई असेलच तर २०२६ मध्ये ती साधारण महिना ५६५ युरोंच्या आत हवी. मुलांना हे संरक्षण १८ वर्षांपर्यंत मिळते; ती शिकत असतील तर २५ पर्यंत. प्रवेशाच्या वेळी रक्तदाब किंवा मधुमेह आहे म्हणून कोणी नाकारत नाही, प्रतीक्षा काळही नसतो. गरोदर अवस्थेत जर्मनीत आलेल्या पत्नीचे बाळंतपण या एकाच व्यवस्थेत निर्धास्तपणे होऊ शकते.

खासगी विम्याचे दार सर्वांना उघडे नसते. नोकरदाराचा वार्षिक पगार ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असेल तरच तो तेथे जाऊ शकतो. २०२६ साठी ही मर्यादा ७७,४०० युरो आहे. माहिती तंत्रज्ञानातील अनुभवी भारतीय अभियंते या रेषेच्या वर जातात आणि मग त्यांच्यामागे एजंट लागतात. खासगी हप्ता प्रवेशाच्या वेळचे वय आणि प्रकृती पाहून ठरतो. त्यामुळे अठ्ठावीस वर्षांच्या अविवाहित, निरोगी तरुणाला तो सार्वजनिक वर्गणीपेक्षा बराच कमी दिसतो. डॉक्टरांची वेळ लवकर मिळते, रुग्णालयात एकट्याची खोली मिळते. हे सारे खरे आहे. एजंट जे सांगत नाही ते असे की, खासगीत कुटुंब नावाची गोष्ट नाही. प्रत्येक माणसाची पॉलिसी वेगळी, हप्ता वेगळा. त्याच तरुणाचे लग्न होते, पत्नी नागपूरहून येते, भाषा शिकून नोकरी लागेपर्यंत दोन वर्षे जातात, मुले होतात. आणि एक हप्ता भरणारा गृहस्थ तीन-चार हप्ते भरू लागतो. मालकाचा वाटा असतो, पण त्याला मर्यादा आहे. वय वाढेल तसे हप्ते वाढत जातात आणि निवृत्तीनंतर उत्पन्न घटले म्हणून ते आपोआप उतरत नाहीत.

परतीची वाट अरुंद आहे. पगार मर्यादेखाली आला किंवा नोकरी जाऊन बेकारी भत्ता सुरू झाला, तरच सामान्यतः सार्वजनिक योजनेत परतता येते. वयाच्या ५५ वर्षांनंतर ती वाटही जवळपास बंद होते. जर्मनीत कायमचे राहण्याची किंचितही शक्यता असलेल्या, कुटुंब असलेल्या किंवा करू इच्छिणाऱ्या मराठी माणसाने सार्वजनिक विमाच घ्यावा, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षे राहून नक्की परतणाऱ्या एकट्या माणसाचा हिशेब निराळा असू शकतो. पण 'दोनच वर्षे' म्हणून गेलेले किती जण परतले, हे वाचक जाणतातच.

येथे एक मुदत अत्यंत महत्त्वाची आहे. जर्मनीत प्रथमच नोकरीला लागणाऱ्याचा पगार मर्यादेपेक्षा अधिक असला, तरी त्याला स्वेच्छेने सार्वजनिक निधीचे सदस्य होता येते. त्यासाठी नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत निधीकडे अर्ज करावा लागतो. ही मुदत उलटली की तो हक्क जातो आणि खासगी विम्याशिवाय पर्याय उरत नाही. अधिक पगार हे येथे संकटाचे कारण ठरू शकते, ही गोष्ट भारतात कोणी सांगत नाही.

खासगी विमा घेणारच असाल, तर अर्जातील प्रकृतीविषयक प्रश्नांची उत्तरे पूर्ण सत्य द्यावीत. भारतातील जुनी शस्त्रक्रिया त्यांना कशी कळणार, हा विचार धोक्याचा आहे. माहिती दडवल्याचे पुढे उघड झाले तर कंपनी करारातून माघार घेऊ शकते, आणि ते नेमके मोठ्या दाव्याच्या वेळी घडते. अपत्यजन्म, मानसोपचार व कृत्रिम दात यांसाठी खासगी विम्यात आठ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो. नवजात बाळाची नोंद जन्मानंतर दोन महिन्यांत केल्यास प्रकृतीची तपासणी न होता त्याला विमा मिळतो. नंतर तशी हमी राहत नाही.

कंपनीने पाठवलेले आणि शिकायला गेलेले

भारतीय कंपनीच्या वेतनपटावर राहून काही काळासाठी जर्मनीला पाठवले गेलेल्यांची गोष्ट वेगळी. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षा करार असून त्याचे व्यापक स्वरूप १ मे २०१७ पासून अमलात आले. त्यानुसार कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' घेतल्यास ४८ महिन्यांपर्यंत जर्मन निवृत्तिवेतनाची वर्गणी भरावी लागत नाही. हे प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घ्यावे. मात्र या करारात आरोग्य विमा येत नाही. सर्टिफिकेट हातात आहे म्हणजे दवाखान्याची सोय झाली, असा गैरसमज वरचेवर आढळतो. अशा कर्मचाऱ्याने कंपनीकडून आरोग्य विम्याची मूळ पॉलिसी मागून घ्यावी, आणि पत्नी-मुलांची नावे तीत आहेत का, बाळंतपण समाविष्ट आहे का, हे डोळ्यांनी पाहावे.

विद्यार्थ्यांना वयाच्या ३० वर्षांपर्यंत सार्वजनिक योजनेत सवलतीच्या दराने राहता येते. वर्गणी महिना दीडशे युरोंच्या आसपास पडते. विद्यापीठातील नोंदणीसाठी विम्याचा दाखला निधीकडून परस्पर इलेक्ट्रॉनिक मार्गाने जातो. याहून स्वस्त खासगी पॉलिसीसाठी सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. महिन्याला काही युरो वाचवण्यासाठी हा व्यवहार करू नये. तिशी ओलांडून पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्यांना मात्र खासगी विम्याचीच वाट धरावी लागते, तेव्हा त्यांनी हा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा.

सार्वजनिक विमा असला तरी काही खर्च उरतोच. औषधांच्या किमतीच्या १० टक्के, पण प्रत्येक औषधामागे किमान ५ आणि कमाल १० युरो द्यावे लागतात. रुग्णालयात दिवसाला १० युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस. या सर्वांची एकत्रित मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक ढोबळ उत्पन्नाच्या २ टक्के. दीर्घकालीन आजार असल्यास १ टक्का. प्रौढांचे चष्मे बहुधा स्वखर्चाने आणि दातांच्या टोप्यांचा मोठा भागही स्वखर्चाने. दातांची कामे आणि नवा चष्मा भारतातच उरकून जाण्याची जुनी पद्धत शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

आजारपणात मालक सहा आठवडे पूर्ण पगार देतो. त्यानंतर निधीकडून ढोबळ पगाराच्या ७० टक्के, परंतु निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा अधिक नाही, इतका आजारपण भत्ता मिळतो. एकाच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे अशी त्याची मर्यादा आहे. नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत मात्र मालकावर पगाराचे बंधन नसते. त्या काळात निधी भत्ता देतो. कामावरील अपघाताचा विमा पहिल्या दिवसापासून असतो आणि त्याची वर्गणी पूर्णपणे मालक भरतो.

कायमस्वरूपी काम करण्याची क्षमता गमावल्यास काय, हा मात्र दुखरा प्रश्न आहे. सरकारी निवृत्तिवेतन योजनेतील मदत मिळण्यासाठी साधारणतः पाच वर्षांची सदस्यता लागते, म्हणजे नवागत नेमका उघड्यावर असतो. खासगी व्यवसाय-अक्षमता विमा ही उणीव भरून काढतो, पण तो महाग आहे आणि प्रकृतीची कसून चौकशी होते. ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालते, त्याने तरुणपणीच याची चौकशी करावी.

किल्ली हरवली तर

सक्तीचा नसूनही जर्मन घरांत जवळपास सर्वत्र आढळणारा विमा म्हणजे 'हाफ्टफ्लिष्ट', वैयक्तिक उत्तरदायित्वाचा विमा. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर जर्मन कायद्यानुसार भरपाईला कमाल मर्यादा नाही. सायकल चालवताना एखाद्या पादचाऱ्याला धडक बसली आणि तो जायबंदी झाला, तर त्याचा उपचार, बुडालेला पगार सारे धडक देणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते. आपल्याकडे अशा प्रसंगी होणारी 'जाऊ द्या हो' ही तडजोड तेथे गृहीत धरू नये. भाड्याच्या घराची किल्ली हरवणे हाही असाच प्रकार. संपूर्ण इमारतीच्या कुलपांची एकच प्रणाली असेल, तर ती बदलण्याचा खर्च हजारो युरोंत जातो. हा विमा वर्षाला साधारण ५० ते १०० युरोंत मिळतो. विमा रक्कम किमान १ कोटी युरो असावी, आणि किल्ली हरवणे व भाड्याच्या घराचे नुकसान यांचा समावेश आहे का, ते पाहावे. सात वर्षांखालील मूल कायद्याने जबाबदार धरले जात नाही. तरीही शेजाऱ्याशी संबंध टिकावेत म्हणून अशा नुकसानीची भरपाई देणारे कलम घेतलेले बरे. नवागताने आरोग्य विम्यानंतर दुसरा कोणता विमा घ्यावा, असे विचारले तर उत्तर हेच.

घरसामानाचा विमा मात्र पहिल्या वर्षी, दोन बॅगा आणि एक गादी एवढाच संसार असताना, अनावश्यक. पुढे घेतलाच तर पूर व अतिवृष्टीचे नुकसान त्यात आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळा हप्ता असतो, हे ध्यानात ठेवावे. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यातील महापुराने हे जर्मनांनाही शिकवले.

मोटारीसाठी त्रयस्थ-उत्तरदायित्व विमा सक्तीचा असून त्याच्या क्रमांकाशिवाय वाहनाची नोंदणीच होत नाही. अपघाताविना गेलेल्या वर्षांवर हप्त्याची सवलत ठरते. भारतातील 'नो क्लेम बोनस' बहुतेक कंपन्या धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षांचा हप्ता जबर असतो. भारतीय वाहन परवाना वास्तव्याच्या पहिल्या सहा महिन्यांपुरताच चालतो. त्यानंतर जर्मन लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. वैध परवान्याविना गाडी चालवली, तर विम्याचे संरक्षणही धोक्यात येते.

सल्ला कोणाचा घ्यावा? आपल्या भाषेत बोलणारा, गणेशोत्सवात भेटलेला एजंट आपुलकीचा वाटतो. पण तो एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी आहे की स्वतंत्र दलाल, हे विचारण्यात संकोच नको. दोघांनाही कमिशन मिळते, मात्र स्वतंत्र दलाल कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा असतो. त्याहून बरे म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र, 'फरब्राउखरत्सेंट्राले'. अल्प शुल्क घेऊन ते निःपक्ष सल्ला देते. सही झाल्यावरही बहुतेक करारांतून १४ दिवसांत विनाकारण माघार घेता येते.

भारतातील पॉलिसी आणि आईवडील

जाताना भारतातील आरोग्य पॉलिसी बंद करण्याचा मोह होतो. 'तिकडे विमा आहे, मग इकडे कशाला?' हा प्रश्न वरवर योग्य आहे, परंतु जर्मन सार्वजनिक विमा भारतात चालत नाही आणि परतल्यावर नवी पॉलिसी घेतली तर पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. भारतीय विमा नियामकाने २०२४ मध्ये हा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला, तसेच ६० महिने सलग चाललेल्या पॉलिसीतील दावा माहिती दडवल्याच्या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, नाकारता येत नाही. ही सलगता मोलाची आहे. वाटल्यास विमा रक्कम कमी करावी, पण पॉलिसी जिवंत ठेवावी. हप्ता एनआरई किंवा एनआरओ खात्यातून भरता येतो. मुदत विमा असेल तर वास्तव्य बदलल्याचे कंपनीला लेखी कळवावे.

सुटीत भारतात येताना जर्मनीत मिळणारा परदेश-प्रवास आरोग्य विमा घ्यावा. तो वर्षाला बहुधा १० ते ३० युरोंत मिळतो. मात्र प्रत्येक प्रवासाला त्यात सहा किंवा आठ आठवड्यांची मर्यादा असते. बाळंतपणासाठी किंवा वडिलांच्या आजारपणासाठी तीन महिने येणाऱ्याचे संरक्षण मधेच संपते. अशा वेळी जादा दिवसांचा विमा निघण्याआधी घ्यावा लागतो.

शेवटी आईवडिलांविषयी. मुलाच्या सार्वजनिक विम्यात पत्नी व मुले येतात, आईवडील येत नाहीत. त्यांच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो आणि तो सहज मिळतो. पण पासष्टीच्या माणसाला ज्याची खरी भीती असते, तो जुना हृदयविकार वा मधुमेहाची गुंतागुंत बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. जर्मनीत तीन दिवसांच्या अतिदक्षता विभागाचे बिल हे मुलाच्या काही महिन्यांच्या बचतीइतके होऊ शकते. म्हणून स्वस्त पॉलिसी न घेता, पूर्वीच्या आजारातून उद्भवणाऱ्या तातडीच्या प्रसंगाला काही मर्यादेपर्यंत तरी संरक्षण देणारी पॉलिसी शोधावी, आणि आजार अर्जात लिहावेत.

मार्च २०२४ पासून जर्मनीने कुशल कामगारांना आईवडिलांना कायमचे आणण्याची वाट खुली केली. ज्यांना संबंधित निवास परवाना १ मार्च २०२४ नंतर प्रथम मिळाला, त्यांच्यासाठी ही सोय आहे. अट दोन गोष्टींची: त्यांचा निर्वाह आणि त्यांचा आरोग्य विमा. पहिली अट चांगल्या पगारात भागते, दुसरीपाशी बहुतेकांचे गाडे अडते. यापूर्वी जर्मनीत विमा नसलेल्या वृद्धांना सार्वजनिक योजनेत सहसा प्रवेश मिळत नाही आणि खासगी हप्ता माणशी महिना अनेक शेकडो युरोंचा, कधी त्याहूनही अधिक होतो. दोघांसाठी दुप्पट. त्यामुळे आईवडिलांना नेण्याचा विचार असलेल्यांनी व्हिसाच्या अर्जाआधी, आणि पुण्यातले घर विकण्याच्या तर कितीतरी आधी, जर्मन विमा कंपनीकडून हप्त्याचा लेखी आकडा मागवावा.